झेड ९०० घ्यावी की स्ट्रीट ट्रिपल?
दुचाकी सल्ला : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून अधिक प्रश्न मोठ्या नेकेड (बाहेरचं आवरण, म्हणजे फेअरिंग, नसलेल्या) गाड्यांचे होते, आणि त्यातही दोनच नावं पुन्हा पुन्हा आली. म्हणून हा अंक त्या दोघींना दिला आहे.

प्रश्न : वय ३१, उंची ५ फूट ७ इंच, वजन ७२ किलो. चार वर्षं केटीएमची ३९० ड्यूक वापरतोय. आता कावासाकी झेड ९०० किंवा ट्रायम्फ स्ट्रीट ट्रिपल ७६५ आर घ्यायची आहे. रोज कामावर न्यायची नाही. शनिवार-रविवारी कास, महाबळेश्वर, आंबेनळी, कुंभार्ली आणि महिन्यातून एखादी पुणे किंवा कोल्हापूर फेरी. कधीकधी बायको मागे असते. मित्र म्हणतात, घ्यायची तर चार सिलिंडरचीच घे. तुमचं मत? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमच्या वापराला स्ट्रीट ट्रिपल आर. पण कारण समजून घ्या, कारण तुमचे मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीत.

आधी कागद. झेड ९०० म्हणजे ९४८ सीसी, चार सिलिंडर, ९,५०० आरपीएमला सुमारे १२५ पीएस (अश्वशक्ती), ७,७०० ला सुमारे ९८ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याची ताकद), टाकी १७ लिटर, पेट्रोल-ऑइलसकट वजन २१२-२१३ किलो. २०२३ नंतरची स्ट्रीट ट्रिपल आर म्हणजे ७६५ सीसी, तीन सिलिंडर, ११,५०० ला १२० पीएस, ९,५०० ला ८० न्यूटन-मीटर, टाकी १५ लिटर, वजन १८९ किलो.

बहुतेक जण पीएसचे आकडे शेजारी ठेवतात आणि तिथेच थांबतात. चालवणारा आणि त्याचं जॅकेट-हेल्मेट मिळून ८० किलो धरा. झेड ९०० ला किलोमागे ०.४३ पीएस येतात, ट्रिपलला ०.४५. म्हणजे ताकदीत ट्रिपल तसूभर पुढेच. टॉर्कचा हिशेब मात्र उलटा आहे: झेडला किलोमागे ०.३४ न्यूटन-मीटर, ट्रिपलला ०.३०. हा फरक १३ टक्क्यांच्या आसपास जातो. चाकापर्यंत पोचेस्तोवर तो थोडा कमी होतो, कारण जास्त फिरणाऱ्या इंजिनाला गिअरिंग आखूड दिलेलं असतं. तरीही खालच्या आरपीएमला झेड जास्त ओढते, यात शंका नाही.

आता ही ताकद वापरणार कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू, मुंबईचा किनारी मार्ग, सगळीकडे दुचाकीला बंदी. राज्यातला उत्तम डांबर-काँक्रीट आपल्या वाट्याला नाही. उरतो तो राष्ट्रीय महामार्ग ४८, राज्यमार्ग आणि घाट. तिथे ११,००० आरपीएमला काय होतं यापेक्षा ३,००० ते ७,००० मध्ये काय होतं आणि वळणावर गाडी किती मुकाट्याने आडवी होते, हे महत्त्वाचं.

३,००० ते ७,००० चा पट्टा झेडचा. तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या मागे रखडलात आणि जागा मिळाली की गिअर न बदलता निघून जाते. ट्रिपलला त्याच ठिकाणी एक गिअर खाली टाकावा लागतो. मात्र आर मॉडेलला क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) वर-खाली दोन्हीकडे कंपनीचाच येतो, त्यामुळे तो गिअर टाकणं म्हणजे पायाचा एक झटका. तुम्ही ड्यूकवरून येताय, इंजिन फिरवत ठेवायची सवय तुम्हाला आहेच.

वळणाचा पट्टा ट्रिपलचा. झेडचा व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १,४५०-१,४५५ मिमी, ट्रिपलचा १,४०० च्या आसपास. ट्रेल (स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे मिळतो तिथून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) झेडला ११० मिमी, ट्रिपलला ९८ मिमी. ट्रेल जास्त असला की गाडी सरळ रेषेत शांत राहते, पण वाकवायला हँडलवर जोर लागतो. आंबेनळीसारख्या घाटात डावं-उजवं-डावं असं तासभर चाललं की २३ किलोचा आणि त्या १२ मिमीचा फरक खांद्यांना कळतो. पुढच्या फोर्कमध्ये (पुढच्या शॉकअपमध्ये) झेडला प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) आणि रिबाउंड (दबलेला शॉकअप वर येण्याचा वेग) बदलता येतात, कम्प्रेशन (दबण्याचा वेग) येत नाही. ट्रिपल आरच्या शोवा फोर्कला तिन्ही बदलता येतात. आपल्याकडच्या पॅच मारलेल्या रस्त्यांवर कम्प्रेशन दोन क्लिक सैल करायची सोय ही चैन नाही, गरज आहे.

तिसरा मुद्दा पावसाचा. ट्रिपलला वळणात झुकलेल्या गाडीचा कोन ओळखून काम करणारं एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (रेस दिल्यावर मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) आहे. झेड ९०० ला ते सेन्सर २०२५ च्या मॉडेलपासून आले, आणि क्विकशिफ्टर व क्रूझ कंट्रोलही तेव्हाच. शोरूममध्ये ‘स्टॉकमधली’ म्हणून सवलतीत २०२४ ची झेड दाखवली तर ती दिसायला जवळजवळ तीच, पण आतून वेगळी गाडी आहे. सेल सर्टिफिकेटवर, म्हणजे फॉर्म २१ वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. आगाऊ रक्कम देण्याआधी ते वाचा. एक इशाराही: वळणातलं एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण लाल मातीच्या चिखलावर घर्षण निर्माण करत नाही. कुंभार्लीत पहिल्या पावसानंतर वेग कमी हाच इलाज.

मत कधी बदलावं? बायको ‘कधीकधी’ ऐवजी दर वेळी येणार असेल आणि फेऱ्या मुख्यतः पुणे-कोल्हापूर असतील, तर झेड. मागे ५५ किलो बसल्यावर टॉर्कचा तो फरक जास्त जाणवतो, लांब व्हीलबेस डबलसीटला स्थिर राहतो, टाकीही दोन लिटर मोठी. मागची सीट दोन्हीकडे नावालाच आहे, त्यामुळे शोरूममध्ये बायकोला पाच मिनिटं नव्हे, पंधरा मिनिटं बसवा.

आणि सर्व्हिस. एप्रिल २०२३ पासून भारतात ट्रायम्फची विक्री-सेवा बजाजकडे आहे, त्यामुळे छोट्या शहरांतही फलक दिसतात. पण तिथे ४०० सीसीच्या गाड्या जास्त येतात. जवळच्या वर्कशॉपला स्पष्ट विचारा: ७६५ ची व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हवरचा बारीक गॅप तपासून जुळवणं) तुम्ही इथेच करता की गाडी पुण्याला पाठवता? हाच प्रश्न कावासाकीलाही. दोन्ही इंजिनांत व्हॉल्व्हचा गॅप शिम (पातळ चकती) बदलून ठरतो, त्यासाठी टाकी, एअरबॉक्स, हेडकव्हर आणि गरज पडली तर कॅमशाफ्टही काढावी लागते. झेडला १६ व्हॉल्व्ह, ट्रिपलला १२. ‘इंजिन शांत आहे, गरज नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. अशा इंजिनात गॅप सहसा कमी होत जातो, आणि कमी गॅपचा आवाज येत नाही. उलट इंजिन अधिकच शांत वाटतं, आणि मग गरम असताना सुरू व्हायला कुरकुरतं.

प्रश्न : शोरूमवाले दहा-पंधरा मिनिटांची टेस्ट राइड देतात. तेवढ्यात काय बघायचं? (नाशिक)

उत्तर : आधीच सांगून ठेवा की गाडी थंड हवी. गरम करून ठेवलेलं इंजिन काहीच सांगत नाही. सुरू झाल्यावर आयडलिंग (रेस न देता इंजिनाचं फिरणं) किती वेळात स्थिर होतं ते बघा.

मग पहिल्या दोन मिनिटांत वेग नको. हँडल पूर्ण वळवून यू-टर्न घ्या, दोन्ही बाजूंनी. नेकेड गाड्यांचं हँडल दिसतं रुंद, पण किती वळतं हे गाडीगणिक वेगळं असतं, आणि पार्किंगमध्ये तेच रोज नडतं. दुसऱ्या गिअरमध्ये २,५०० आरपीएमला रेस सोडून पुन्हा हळूच द्या. झटका बसला तर आधी चेन सैल आहे का ते बघा. डेमो गाड्यांची चेन बहुधा सैलच असते, आणि दोष इंजिनाच्या माथी मारला जातो.

मोकळा रस्ता मिळाला की तिसऱ्या गिअरमध्ये ४,००० वरून ७,००० पर्यंत जा. दोन्ही गाड्यांवर हेच, त्याच रस्त्यावर. शून्य ते शंभरची घाई करू नका, त्यातून फक्त घाम फुटतो. सहाव्या गिअरमध्ये ८०-१०० च्या वेगाला आरपीएम किती आहे आणि हँडल, पेग, टाकी यांपैकी कंपन कुठे जाणवतं ते लक्षात ठेवा. ६० वरून फक्त पुढचा ब्रेक दोन बोटांनी दाबून थांबा. शेवटी परत आल्यावर गाडी चालू ठेवून पाच मिनिटं तिच्यावर बसून राहा. पंखा सुरू झाल्यावर मांड्यांना काय वाटतं, ते याच पाच मिनिटांत कळतं.

क्विकशिफ्टर तपासताना वर जाताना रेस दिलेली हवी आणि खाली येताना बंद हवी. अर्धवट रेसवर, कमी आरपीएमला गिअर टाकून ‘झटका देतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

प्रश्न : उंची ५ फूट ४ इंच. झेडची सीट ८२०-८३० मिमी, ट्रिपलची ८२६. दोन्हीवर टाचा टेकत नाहीत. लोअरिंग किट बसवावं का? (कोल्हापूर)

उत्तर : लगेच नको. सीटच्या उंचीचा आकडा अर्धंच सांगतो, सीटचा पुढचा भाग किती अरुंद आहे हे उरलेलं अर्धं. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकत असतील तर पुरे. सिग्नलला डावा पाय पूर्ण टेकवून उजवा ब्रेकवर ठेवायची सवय लावा. याच उंचीला २३ किलो हलकी गाडी सांभाळणं सोपं, हा ट्रिपलच्या बाजूचा मुद्दा.

आधी कंपनीची कमी उंचीची सीट बघा. ट्रायम्फकडे ती ॲक्सेसरीत मिळते. फोम कापून घ्यायचा तर कारागिराला वीस मिमीपेक्षा जास्त काढू देऊ नका, खाली प्लास्टिकचा तळ लागायला लागतो. बुटाचा सोल दहा मिमी जाड घेतला तरी फरक पडतो.

लोअरिंग किट म्हणजे मागच्या लिंकेजच्या (शॉकअपला चाकाशी जोडणाऱ्या सांध्यांच्या) पट्ट्या लांब करणं. मागचा भाग खाली बसला की पुढचा फोर्क आडवा होतो, ट्रेल वाढतो, गाडी वळायला जड होते. म्हणजे ज्या गुणासाठी ट्रिपल घेतली तोच घालवला. साइड स्टँडचंही तसंच: गाडी खाली आली, स्टँड तेवढाच राहिला, त्यामुळे गाडी जवळजवळ उभी राहते आणि उतारावर हळूच पलीकडे पडते. स्टँड कापून घ्यावा लागतो. शिवाय झेडचा ग्राउंड क्लिअरन्स मुळात १४५ मिमी. डबलसीट असताना गावातल्या घरगुती स्पीडब्रेकरना तो आणखी कमी करून चालणार नाही.

प्रश्न : पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये या गाड्या भाजून काढतात म्हणे. जाड ऑइल घातलं तर? (हडपसर)

उत्तर : भाजतात. मोठं इंजिन आयडलिंगलाही जास्त पेट्रोल जाळतं, आणि नेकेड गाडीत पंख्याची गरम हवा अडवायला फेअरिंग नसतं. सीसी आणि सिलिंडर दोन्ही जास्त असल्याने झेड थोडी अधिक. पण तापमान शंभर अंशांच्या पुढे गेलं, पंखा फिरू लागला, म्हणजे इंजिन बिघडत चाललंय असं नव्हे. दाबाखालचं कूलंट १२० अंशांच्या पुढेही उकळत नाही. चिंता कधी करायची? पंखा सुरू होऊनही आकडा खाली येत नाही तेव्हा.

तसं झालं तर क्रमाने बघा. रेडिएटरच्या पत्र्यांत चिखल आणि किडे अडकलेत का? ते नळाच्या साध्या धारेने, इंजिनाकडून पुढच्या बाजूला धुवा. प्रेशर वॉशरने पत्रे आडवे होतात आणि हवाच जात नाही. मग एक्स्पान्शन टाकीतली पातळी, गाडी थंड असताना. कमी असेल तर तयार मिश्रणाचं कूलंट किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. नळाचं पाणी घातलंत तर क्षार बसतात, ॲल्युमिनियम खराब होतं. मग पंख्याचा फ्यूज.

जाड ऑइलने उष्णता कमी होत नाही. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-४० सांगितलं असेल तर तेच, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (दुचाकीच्या ऑइलमधल्या क्लचसाठीचं मानक) लिहिलेलं हवं. कारचं ऑइल स्वस्त म्हणून घातलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी क्लच प्लेटा घसरायला लागतात. लक्षण ओळखता येतं: पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये रेस दिली की आरपीएम चढतो, वेग चढत नाही. बाकी उपाय साधे आहेत. सिग्नल मिनिटभराचा असेल तर इंजिन बंद, आणि जीन्सऐवजी जाड रायडिंग पँट.

प्रश्न : स्ट्रीट ट्रिपल आर घेतली आहे. कोकणातल्या रस्त्यांवर पाठ मोडते. मेकॅनिक म्हणतो ‘शॉकअप असाच असतो’. (रत्नागिरी)

उत्तर : तसा नसतो. कारखान्यातली सेटिंग एका सरासरी वजनासाठी असते, तुमच्यासाठी नाही. क्लिकला (सेटिंगच्या स्क्रूंना) हात लावण्याआधी सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने शॉकअप किती बसतो ते, मोजा. टेप, दोन माणसं आणि अर्धा तास पुरे.

मागचं चाक उचलून शॉकअप पूर्ण मोकळा करा. ॲक्सलपासून सरळ वर, शेपटीवर एक खूण करा आणि अंतर मोजा. समजा ६२० मिमी. आता पूर्ण पोशाखात, पाय पेगवर ठेवून बसा; एक माणूस गाडी धरेल. दुसरा शेपूट दाबून हळूच सोडेल, मोजेल: समजा ५८२. मग शेपूट वर ओढून हळूच सोडेल, मोजेल: ५९०. दोन्हींची सरासरी ५८६, आणि ६२० वजा ५८६ म्हणजे ३४ मिमी सॅग. दोनदा मोजायचं कारण सील आणि लिंकेजचं घर्षण. एकदाच मोजलंत तर चार-पाच मिमीची चूक सहज होते.

रस्त्यासाठी पुढे-मागे ३० ते ३५ मिमी ठीक. ४५ आलं तर प्रीलोड वाढवा, २० आलं तर कमी करा. पाठ मोडते म्हटल्यावर लोक प्रीलोड सैल करतात, पण बऱ्याचदा उलटं असतं. सॅग आधीच जास्त असेल तर शॉकअप खड्ड्यात तळाला आपटतो, आणि तो आपटलेला धक्का ‘कडक’ वाटतो.

सॅग जमला की मग क्लिक. आधी प्रत्येक स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, क्लिक मोजत. तो आकडा वहीत लिहा आणि परत तिथेच आणा. बारीक, सलग खडबडीत रस्त्यावर धक्के येत असतील तर कम्प्रेशन दोन क्लिक सैल. एका उंचवट्यानंतर शेपूट दोन-तीनदा डोलत असेल तर रिबाउंड दोन क्लिक घट्ट. सलग खड्ड्यांत गाडी खाली खाली बसत जात असेल तर रिबाउंड फार घट्ट आहे, सैल करा. एका वेळी एकच बदल, आणि रस्ता तोच.

या सगळ्याआधी हवा तपासा, थंड टायरमध्ये. मॅन्युअलमधला आकडा मागे ४२ पीएसआयच्या आसपास असतो, आणि पेट्रोल पंपावरचं मीटर कितीही दाखवू शकतं. स्वतःचं गेज घ्या.

प्रश्न : १०० ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर पिकअप वाढतो का? आणि पावसाळ्यात दोन-तीन महिने गाडी उभी राहते, इथेनॉलमुळे काही होतं का? (सावंतवाडी)

उत्तर : पिकअप वाढत नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, वेळेआधी पेटण्याला असलेला विरोध. ट्रिपलच्या इंजिनाचं कम्प्रेशन (मिश्रण किती दाबलं जातं ते; जास्त दाबाला जास्त ऑक्टेन) १३.२५ ला १, झेडचं ११.८ ला १. त्यामुळे ट्रिपलला ९५ पेक्षा खाली उतरू नका. टाकीच्या झाकणाजवळचा स्टिकर वाचा. इंजिन ज्या ऑक्टेनसाठी बनलंय त्याच्या वरचे पैसे सायलेन्सरमधून जातात.

दुसरा प्रश्न जास्त मोलाचा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी, म्हणून पेट्रोलमध्ये ते १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर जाताना ॲव्हरेज तीन-चार टक्के घटणं स्वाभाविक. खरा त्रास ओलाव्याचा. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढतं. कोकणातल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत अर्धी रिकामी टाकी म्हणजे त्याला मोकळं आमंत्रण. ओलावा एका मर्यादेपुढे गेला की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि पेट्रोल पंप तळातूनच ओढतो. गाडी सुरू होत नाही, किंवा होऊन बंद पडते.

म्हणून उभी करताना टाकी काठोकाठ जवळ भरा. दोन महिन्यांच्या वर राहणार असेल तर आधी फ्युएल स्टॅबिलायझर घालून दहा-बारा किलोमीटर फिरवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. दर दोन आठवड्यांनी उघडीप मिळाली की वीसेक किलोमीटर चालवा. रोज पाच मिनिटं जागेवर सुरू ठेवणं हा सर्वांत वाईट उपाय: ऑइल तापत नाही, ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, बॅटरी भरत तर नाहीच. बॅटरीला मेंटेनर (ती भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा. चेन रॉकेल आणि मऊ ब्रशने पुसून ल्यूब करून ठेवा. तारेचा ब्रश चेनमधल्या एक्स-रिंग (रबराचे सील) फाडतो.

प्रश्न : नव्याचं बजेट नाही. २०१९ ची झेड ९००, २१,००० किमी, चांगल्या भावात मिळतेय. घ्यावी? (ठाणे)

उत्तर : इंजिन दणकट आहे, पण एक गोष्ट माहीत असू द्या. २०२० च्या आधीच्या झेड ९०० ला ट्रॅक्शन कंट्रोल आणि रायडिंग मोड नाहीत. एबीएस आहे, बाकी सगळं तुमच्या उजव्या मनगटावर. पहिलीच मोठी गाडी असेल तर थोडे पैसे वाढवून बीएस६ ची, २०२० नंतरची शोधा.

बघायला गेल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. हँडलखाली चेसिसवरचे स्टॉपर दोन्ही बाजूंना बघा. एक चेपलेला किंवा ताज्या रंगाचा असेल तर गाडी आपटलेली आहे, मालक काहीही म्हणो. स्टिअरिंग हेडच्या वेल्डजवळ रंगाला भेगा, फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओला कडा, इंजिन कव्हरच्या खालच्या बाजूला घासल्याच्या खुणा. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढा. अर्धा दात दिसला तर चेनकिट संपलं, भावातून तेवढे वजा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजा. बॅटरीचं व्होल्टेज बंद असताना १२.६ च्या आसपास आणि ५,००० आरपीएमला १४ ते १४.५, पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला.

टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खोबणी छान दिसली तरी इतका जुना टायर बदलायचाच, आणि या आकाराच्या जोडीचा खर्च पाच आकडी येतो.

कागदांत कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५, विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, थकलेली ई-चलानं. दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि वर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. ‘स्वस्त’ गाडी तिथेच महाग होते. बाहेरचा सायलेन्सर असेल तर मूळचा मागून घ्या.

प्रश्न : जुन्या व्हिडिओंतल्या किमती आणि शोरूमचा भाव जुळत नाही. विम्यातही फार फरक सांगतात. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या दुचाकींवर जीएसटी ४० टक्के झाला, आधी उपकरासकट ३१ होता. करपूर्व किंमत ७ लाख धरली तर फरक ६३,००० चा. काही कंपन्यांनी काही काळ तो स्वतः सोसला, त्यामुळे लेखी कोटेशनशिवाय तुलना करू नका. एक्स-शोरूमवर रोड टॅक्स, विमा, नोंदणी मिळून आणखी पंधरा ते अठरा टक्के धरा.

नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावाच लागतो. ३५० सीसीवर तो २०२२ च्या दराने १५,११७ रुपये, अधिक कर, आणि तो सगळ्यांकडे सारखाच. शोरूम आणि बाहेरच्या एजंटच्या भावात जो फरक दिसतो तो ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीचं नुकसान) आणि ॲड-ऑनचा. झिरो डेप घ्याच: ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि नेकेड गाडी आडवी झाली की आधी मोडतात ते इंडिकेटर, लिव्हर, आरसा आणि रेडिएटरचं आवरण. बार-एंड आणि इंजिन स्लायडर बसवणार असाल तर ते बिलात दाखवून विम्याला कळवा.

प्रश्न : खरंच १२० पीएस लागतात का? ३९० ड्यूक किंवा ट्रायम्फ स्पीड ४०० मध्ये भागणार नाही? (इचलकरंजी)

उत्तर : रोज वापरणार असाल तर भागेल. ड्यूकला ४६ पीएस आणि क्विकशिफ्टर, स्पीड ४०० ला ४० पीएस आणि १६,००० किलोमीटरचं सर्व्हिस अंतर. दोन्ही चाकणच्या, सुटे भाग जवळ. घाटात चढणीवर डबलसीट ओव्हरटेक करताना मोठी गाडी आठवेल, बाकी फारशी नाही.

प्रश्न : झेड ९०० बुक केली आहे. सुरुवातीला किती पळवावी? (पनवेल)

उत्तर : कावासाकीच्या मॅन्युअलप्रमाणे पहिले ८०० किमी ४,००० आरपीएमच्या आत, पुढे १,६०० पर्यंत ६,००० च्या आत. एकाच वेगाने महामार्गावर नेऊ नका, आरपीएम वर-खाली होत राहू दे. नवे टायरही गुळगुळीत असतात, पहिले शे-दीडशे किलोमीटर गाडी फार वाकवू नका. पहिल्या सर्व्हिसला ऑइलसोबत फिल्टर बदलला की नाही ते बिलावर बघा, आणि चेनचा ताण तुमच्यासमोर मोजायला सांगा. चेन फिरवून जिथे सर्वांत घट्ट लागते तिथेच मोजायचा असतो, आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो.